मुशीच्या पोटात अकरा पिल्लं: ही जात नेमकी कुठली?

खाडीकाठ
हर्णेच्या लिलावातून आलेल्या वाट्यातली एक मुशी साफ करताना पोटात पिल्लं निघाली. नोंदी अशा: आईची लांबी ४८ सेंमी. पाठ करडी, पोट पांढरं, अंगावर ठिपके नाहीत, परांची टोकं काळी नाहीत. मुस्कट लांब आणि चपटं, वरून पाहिलं तर उलथन्यासारखं. पिल्लं ११, सगळी ९ ते १० सेंमीची. प्रत्येकाच्या छातीखालून लांब नाळ निघते आणि त्या नाळेवर बारीक केसाळ धागे आहेत. पिवळा बलक कुठेच दिसला नाही.

बाजारात या आकाराच्या मुशीला सर्रास "मोठ्या शार्कची पिल्लं" म्हणतात. मग पिल्लाच्या पोटात पिल्लं कशी? ही जात कुठली? आणि अशी मुशी विकत घ्यावी की नाही, यावरही जाणकारांनी लिहावं.

दर्यादर्शी
नाळेवरचे केसाळ धागे लिहिलेत तिथेच अर्धं उत्तर आलं. स्कोलिओडॉन.

कोंडीवरचा
मला ही दूधमुशी वाटते, म्हणजे ऱ्हायझोप्रायोनोडॉन अ‍ॅक्युटस. आपल्या किनाऱ्यावर तीही भरपूर मिळते, तिचाही रंग करडाच आणि तीही पिल्लंच घालते. नुसत्या नाळेवरून जात ठरवू नये.

सागरवही
कोंडीवरचा, नुसत्या नाळेवरून ठरवू नये हे मान्य. पण इथे पिल्लांची संख्या आणि आकारही तुमच्या विरुद्ध जातात. दूधमुशी एका वेळी १ ते ८ पिल्लं घालते, बहुधा दोन ते पाच, आणि जन्मताना ती २५ सेंमीच्या पुढची असतात. ४८ सेंमीच्या दूधमुशीच्या पोटात अकरा पिल्लं मावणारच नाहीत. तेवढ्या लांबीची दूधमुशी स्वतःच वयात आलेली नसते.

मासा हातात असेल तर या क्रमाने बघा.

आधी पाठीवरचा पहिला पर. स्कोलिओडॉनमध्ये तो फार मागे असतो, छातीच्या परांपेक्षा पोटाच्या परांना जवळ. त्याचं मागचं मोकळं टोक पोटाच्या परांच्या वर येतं. दूधमुशीत हा पर छातीच्या परांच्या मागच्या टोकाच्या आसपास सुरू होतो. खऱ्या मोठ्या शार्कच्या, म्हणजे कार्काऱ्हायनस प्रजातीच्या पिल्लांत तो आणखी पुढे, छातीच्या परांच्या वर किंवा लगेच मागे असतो.

मग पाठीवरचा दुसरा, छोटा पर आणि त्याच्या खालचा गुदपर. स्कोलिओडॉन आणि दूधमुशी दोघींत दुसरा पर गुदपराच्या मागच्या भागावर सुरू होतो, म्हणजे खालचा आधी, वरचा नंतर. कार्काऱ्हायनसमध्ये दोन्ही जवळजवळ समोरासमोर सुरू होतात. बाजारात उभ्या उभ्या बघायला ही खूण सगळ्यात सोपी, आणि डोकं छाटलेलं असलं तरी चालते.

शेवटी तोंडाचा कोपरा. दूधमुशीच्या वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात लांब, ठळक खाच असते, नख फिरवलं की कळते. स्कोलिओडॉनला ती अगदी आखूड. डोळ्याच्या मागच्या कडेला त्रिकोणी खाच दिसली तर ती तिसरीच, लॉक्सोडॉन. तीही आपल्याकडे येते.

रंगावर अजिबात जाऊ नका. बर्फात दोन दिवस राहिली की तिघीही सारख्याच करड्या दिसतात.

मालवणी_चूल
आमच्याकडे हेका मुशी कोण म्हणणत नाय, मोरी म्हणतत. ल्हान असो, मोठी असो, मोरीच. रायगडाकडे गेलास की मुशी. त्यामुळे बाजारातल्या नावावरसून जात शोधूक जाव नको.

खाडीकाठ
सागरवही, लगेच पाहिलं. पहिला पर खरोखर मागे आहे, मागचं टोक पोटाच्या परांच्या वर येतं. दुसरा पर गुदपराच्या शेवटाकडे. तोंडाच्या कोपऱ्यात जेमतेम खाच.

सागरवही
मग स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. शंका नाही.

प्राणिशास्त्र_माजी
बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना हे नाव नवं नाही. प्रॅक्टिकलला 'डॉगफिश' म्हणून जी चिरायला मिळायची ती हीच. मेंदूच्या नसा, धमन्या, कवटी, सगळं शिकवलं जायचं ते स्कोलिओडॉनवर.

एक घोळ मात्र जुन्या पुस्तकांत आहे. पूर्वी स्कोलिओडॉन या एकाच प्रजातीत कितीतरी जाती घातलेल्या होत्या, दूधमुशीसुद्धा. १९६४ साली स्प्रिंगर यांनी फेरमांडणी करून ऱ्हायझोप्रायोनोडॉन आणि लॉक्सोडॉन वेगळ्या काढल्या. म्हणून जुन्या पुस्तकात 'स्कोलिओडॉन'ची लांबी किंवा पिल्लांची संख्या वाचाल तर ती नक्की कोणाची आहे हे तपासून घ्या. कोंडीवरचा यांचा गोंधळ मला तिथूनच आलेला दिसतो.

नंतर बराच काळ स्कोलिओडॉनमध्ये एकच जात मानत. २०१० साली व्हाइट, लास्ट आणि नेलर यांनी पॅसिफिककडची जात वेगळी असल्याचं दाखवून ब्लीकर यांनी १८५२ मध्ये दिलेलं स्कोलिओडॉन मॅक्रोऱ्हिंकोस हे नाव पुन्हा वापरात आणलं. कोकणात मिळते ती लॅटिकॉडस. हे नाव म्युलर आणि हेन्ले यांनी १८३८ मध्ये दिलं. अर्थ 'रुंद शेपटीची'.

कोंडीवरचा
मान्य. माझ्या डोक्यात जुन्या पुस्तकाचंच वर्णन होतं. पण मग बलक का नाही? दूधमुशीच्या अंड्यात बलक असतो.

प्राणिशास्त्र_माजी
इथेच तर ही मुशी बाकी सगळ्यांपेक्षा वेगळी. जरा सविस्तर लिहितो.

पिल्लं घालणाऱ्या शार्कमध्ये बहुतेकांची सुरुवात बलकावर होते. दूधमुशीचं अंडं मोठं असतं. गर्भ आधी त्यातला बलक संपवतो, मग रिकामी झालेली बलकाची पिशवी गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते, तिची वार होते आणि पुढचं पोषण आईच्या रक्तातून मिळतं. दूधमुशीचा गर्भकाळ सुमारे वर्षभराचा.

स्कोलिओडॉनचं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. शार्कमधली सर्वांत लहान अंडी हिचीच. त्यात बलक जवळजवळ नसतोच. म्हणून गर्भ अवघा काही मिलिमीटरचा असतानाच आईशी जोडला जातो आणि तिथपासून जन्मापर्यंतची सगळी वाढ आईच्या अन्नावर होते. नाळेवरचे जे केसाळ धागे खाडीकाठ यांनी पाहिले, तेही यासाठीच. त्यांच्यामुळे नाळेचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि गर्भाशयातल्या द्रवातूनही पोषण शोषलं जातं. म्हणजे वारेतून एक वाट आणि नाळेतून दुसरी.

गर्भाशयं दोन असतात आणि दोन्हींत पिल्लं असतात, प्रत्येक पिल्लू आपापल्या पडद्याच्या कप्प्यात. पोट चिरताना एकच बाजू उघडली तर मोजणी निम्मीच होते. खाडीकाठ, दोन्ही बाजू उघडल्या होत्यात ना?

खाडीकाठ
हो. डावीकडे ५, उजवीकडे ६.

दर्यादर्शी
मग मोजणी बरोबर. हिला साधारण ६ ते १८ पिल्लं होतात. मादी जितकी मोठी तितकी पिल्लं जास्त. गर्भकाळ ५ ते ६ महिने. जन्मताना पिल्लू १२ ते १५ सेंमीचं, म्हणजे तुमची ९-१० सेंमीची पिल्लं पोटात अजून काही आठवडे राहणार होती. मादी ३३ ते ३५ सेंमीला वयात येते, नर २४ ते ३६ च्या दरम्यान. पूर्ण वाढलेली ७० सेंमीच्या आसपास थांबते.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: ४८ सेंमीची ही मुशी म्हणजे कुणाचं पिल्लू नाही, ती पूर्ण वाढीची आई. फूट-दीड फुटाची, चपट्या मुस्कटाची मुशी प्रौढ असू शकते. तेवढीच लांब, पण गोलसर मुस्कटाची आणि पुढे पर असलेली दिसली तर मात्र ती खरोखरच मोठ्या शार्कचं नुकतं जन्मलेलं पिल्लू असते. काळ्या टोकाच्या शार्कची पिल्लं जन्मतानाच ४० सेंमीच्या पुढे असतात. हातोडी शार्कचीही जवळपास तेवढीच, आणि त्यांचं डोकं दोन्ही बाजूंना फाकलेलं असल्यामुळे ती चुकत नाहीत. एकाच पाटीत या सगळ्या एकत्र ओततात आणि 'मुशीची पिल्लं' म्हणून विकतात. खरी काळजी या मिसळीची आहे.

नाखवा_आक्षी
नर वयात आलाय का हेही बघता येतं. पोटाच्या परांच्या आतल्या कडेला बोटांसारखे दोन अवयव असतात. ते मऊ आणि परांपेक्षा आखूड असतील तर नर कोवळा. टणक झाले असतील आणि मुळापासून पुढच्या दिशेला सहज फिरत असतील तर वयात आलेला.

पिल्लू समुद्रात जन्मलेलं की जाळ्यात आईच्या पोटातून पडलेलं, तेही कळतं. छातीच्या दोन परांच्या मधोमध नाळेचा व्रण बघा. उघडी चीर असेल तर नुकतं जन्मलेलं. रेघ राहिली असेल तर थोडे दिवस झालेले. नाळच लोंबत असेल तर ते ओढाताणीत अवेळी बाहेर पडलेलं. असं पिल्लू समुद्रात टाकलं तरी जगत नाही.

आणि लांबी मोजताना मुशी सपाट फळीवर सरळ ठेवा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या वरच्या पाकळीच्या टोकापर्यंत, शेपूट ताणून. अंगावरून टेप वळवत नेलात तर दोन-तीन सेंमी जास्त येते.

कालवणवाली
धाग्याचा विषय जातीचा आहे हे कळतंय, पण साफ करण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. मुशीच्या कालवणाला तो उग्र वास येतो तो कसा घालवायचा? खायचा सोडा घालून धुवावी असं ऐकलंय.

मालवणी_चूल
सोडा नको! उलटो वास वाढतलो.

प्राणिशास्त्र_माजी
मालवणी_चूल यांचं बरोबर आहे. मुशीच्या मांसात आणि रक्तात युरिया भरपूर असतो, समुद्राच्या खारटपणाशी तोल राखायला. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. सोड्यासारख्या अल्कलीने अमोनिया मोकळा होऊन नाकात जातो. आंबटाने तो बांधला जातो. म्हणून चिंच, कोकम आगळ, लिंबू किंवा व्हिनेगर.

मूळ इलाज मात्र बोटीवरचाच. मुशी वर आली की लगेच पोट आणि कल्ले काढायचे, रक्त वाहू द्यायचं. पोटाच्या आत पाठीच्या कण्याला लागून जी काळपट लाल पट्टी असते ती म्हणजे मूत्रपिंड. ती चमच्याने खरवडून काढायची. मग स्वच्छ समुद्राच्या पाण्याने धुऊन माशाच्या वजनाइतकाच बर्फ. ही पट्टी राहिली की बर्फातसुद्धा वास सुटतो.

मालवणी_चूल
आता घरची रीत. सगळ्यांका कळाक होयी म्हणून साध्या भाषेत लिहितंय.

विकत घेताना आधी पोटाच्या पोकळीत आणि कल्ल्यांच्या चिरांपाशी वास घ्या. तिथे डोळ्यांना झोंबलं तर सोडून द्या, त्यावर मसाला उपयोगाचा नाही.

कातडी खरखरीत असते, वाळूच्या कागदासारखी. मोठं पातेलं भरून पाणी उकळा, आच बंद करा आणि मग मुशी बुडवा. अख्खी छोटी मुशी अर्धा मिनिट, तुकडे असतील तर १०-१५ सेकंद. लगेच गार पाण्यात. मग नारळाच्या सोडणाने किंवा सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे घासा. कातडीवरचे दाणे शेपटीकडे झुकलेले असतात, म्हणून उलट्या दिशेने घासलं की वाळूसारखे सुटतात. पाण्यात जास्त वेळ राहिली तर वरचं मांस शिजतं आणि कातडीबरोबर तेही ओघळतं. कमी वेळ राहिली तर दाणे निघत नाहीत आणि कालवणात कचकच लागते.

त्यानंतर तुकडे. अर्धा किलोला एक चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि दोन मोठे चमचे आगळ किंवा चिंचेचा दाट कोळ. २० मिनिटं ठेवायचं आणि सुटलेलं पाणी फेकून द्यायचं. ते पाणी कालवणात घालू नका, वास त्यातच उतरलेला असतो. वाटण भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं, मटणाला करतो तसंच. काटे नाहीत, कूर्चाच आहे, त्यामुळे पोरांना द्यायला सोपी. दहा-बारा मिनिटांत शिजते. ढवळत बसू नका, तुकडे मोडतात.

सुकटबाजार
सुकवायची असेल तर पोटाकडून फाडून सपाट करा, जाड भागाला आडव्या चिरा द्या. ४ किलो माशाला १ किलो जाडं मीठ, थर देऊन एक दिवस-रात्र. चिरांत मीठ भरायला विसरलात तर आतून लाल पडते. नंतर वरचं मीठ झटकून, खाऱ्या पाण्यात विसळून बांबूच्या मांडवावर वाळवा. जमिनीवर वाळू लागते आणि मग ती कधीच निघत नाही. खारवलेली मोरी शिजवण्याआधी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा बदला.

कालवणवाली
खूप आभार. बाळंतिणीला मुशी देतात, दूध वाढतं म्हणून. दूधमुशी हे नाव त्यावरूनच का?

दर्यादर्शी
समजूत तशीच आहे, आणि ती फक्त कोकणात नाही. तमिळमध्येही 'पाल सुरा' म्हणतात, पाल म्हणजे दूध. त्यात चांगलं प्रथिन आहे हे खरं.

पण दुसरी बाजू सांगायलाच हवी. शार्क दुसऱ्या माशांना खातात, त्यामुळे त्यांच्या अंगात पारा साठतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या यादीत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावा असं स्पष्ट आहे. स्कोलिओडॉन लहान आणि थोडकं जगणारी, त्यामुळे तिच्यात पारा मोठ्या शार्कपेक्षा कमी साठतो. तरीही बाळंतिणीला रोज देण्यापेक्षा मांदेली, बांगडा, तारली द्या. प्रथिनं तीच मिळतात आणि पाऱ्याची धास्ती फार कमी.

हिरवा_किनारा
सगळं छान, पण पोटुशी मादी बाजारात येतेच कशी? मच्छीमारांनी ती परत सोडायला हवी. असा नियमच करा.

नाखवा_आक्षी
ताई, तळमळ पटते, पण हा नियम बोटीवर टिकणार नाही. ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं, दोन-तीन तास ओढून वर येतो तेव्हा ही मुशी बहुधा मेलेली असते. तिला पाण्यात पुढे सरकत राहिल्याशिवाय नीट श्वास घेता येत नाही आणि खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, ती बाकी माशांखाली दाबली जाते. मेलेली मादी समुद्रात टाकून पिल्लं वाचत नाहीत.

आणि ही बारा महिने विते. एखाद्या महिन्यात बंदी घालून सगळ्या पोटुश्या वाचतील असं नाही. १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी बंदीचा तिला फायदा होतो, पण त्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांतही पोटं भरलेलीच असतात.

फरक पडतो तो जाळ्याच्या आसाने, म्हणजे भोकांनी. डायमंड आसाच्या खोल्याला ताण आला की भोकं मिटतात आणि बोटाएवढं जाड पिल्लूही बाहेर पडू शकत नाही. ४० मिमी चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो. जन्मलेलं १३-१४ सेंमीचं पिल्लू त्यातून निसटू शकतं. आई निसटत नाही, पण पुढची पिढी निसटते. दुसरं म्हणजे ओढीचा वेळ कमी करा. जिवंत वर आलेली मोठ्या शार्कची पिल्लं तरी सोडता येतील. डोलीचा, म्हणजे एका जागी लावलेल्या जाळ्याचा, खोला जवळ्यासाठी बारीकच असतो, तिथे हा उपाय चालत नाही. तिथे जागा बदलणं हाच उपाय. खाडीच्या मुखाशी, खडकाळ उथळ भागात पिल्लांचे थवे असतात. पाटीत १५ सेंमीच्या आतल्या मुश्या जास्त दिसू लागल्या की डोल तिथून हलवावी.

हिरवा_किनारा
समजलं. सोडण्याचा नियम मागे घेते, आसाचा मुद्दा धरते. पण मुळात मुशी पकडणं कायदेशीर आहे ना?

सागरवही
आहे. व्हेल शार्क, करवत मासा अशा काही जाती १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत, २००१ पासून. त्या पकडणं गुन्हा. स्कोलिओडॉन आणि दूधमुशी त्यात नाहीत, स्थानिक विक्रीला बंदी नाही.

निर्यातीचं वेगळं. शार्कच्या परांची निर्यात भारताने २०१५ मध्येच बंद केली. २०२२ साली पनामात झालेल्या साइट्स (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत कार्काऱ्हायनिडी हे पूर्ण कुळ दुसऱ्या परिशिष्टात गेलं. या दोन्ही प्रजाती त्याच कुळातल्या. नोव्हेंबर २०२३ पासून ते लागू आहे, म्हणजे मांस असो वा सुकी मुशी, देशाबाहेर पाठवायला परवाना लागतो. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत स्कोलिओडॉन लॅटिकॉडस 'संकटाच्या उंबरठ्यावर' आणि दूधमुशी 'असुरक्षित' गटात आहे.

वाळूतला_शंख
थोडं विषयांतर. आमच्या पुळणीवर तपकिरी, चिवट, चौकोनी पिशव्या वाहून येतात, त्या शार्कच्या अंड्यांच्या म्हणतात. मग सगळ्या शार्क पिल्लं घालत नाहीत?

प्राणिशास्त्र_माजी
नाहीत. तळाशी राहणारी बांबू शार्क अंडी घालते, त्या पिशव्या बहुधा तिच्या. पिशवी रिकामी आणि एका टोकाला फाटलेली असेल तर पिल्लू निघून गेलेलं. भरलेली, जड असेल तर पाण्यात परत ठेवा. पाकट आणि वागळ्या पिल्लंच घालतात, पण त्यांना वार नसते. गर्भाशयाच्या भिंतीवरच्या धाग्यांतून दुधासारखा द्रव पाझरतो आणि पिल्लं त्यावर वाढतात.

कोंडीवरचा
मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहिला. घ्यावी की नाही?

दर्यादर्शी
माझं मत सरळ आहे. चपट्या मुस्कटाची, मागे पर असलेली, ३५ सेंमीच्या वरची स्कोलिओडॉन घ्यायला हरकत नाही. शार्कमध्ये हिची वाढ लवकर, एक-दोन वर्षांत वयात येते, पिल्लंही जास्त. दूधमुशी कमी घ्या, तिची पिल्लं थोडी आणि गर्भकाळ दुप्पट. गोल मुस्कटाची किंवा हातोडी डोक्याची फूट-दीड फुटाची पिल्लं मात्र कितीही स्वस्त वाट्यात मिळाली तरी घेऊ नका आणि विकणारीला कारण सांगा. ती मोठी होऊन वयात यायला कित्येक वर्षं लागतात. हातोडी शार्क तर अतिसंकटग्रस्त आहे.

सागरवही
एक भर. विकणारीला 'ही पिल्लं आहेत' एवढंच सांगू नका, ती म्हणणार सगळी मुशी एवढीच असते. पाटीतल्या दोन मुश्या शेजारी ठेवून पाठीचा पहिला पर दाखवा. एकीचा मागे, एकीचा पुढे. एकदा डोळ्याला सवय झाली की त्या स्वतःच वेगळ्या काढतात.

खाडीकाठ
पटलं. त्याच वाट्यात आणखी तीन होत्या, आता पाहिल्या. दोन स्कोलिओडॉन. तिसरी ४३ सेंमीची, पहिला पर थेट छातीच्या परांच्या वर, दुसरा पर आणि गुदपर समोरासमोर, परांच्या टोकांना काळी छटा. छातीखाली नाळेची रेघ अजून दिसते.

दर्यादर्शी
ती कार्काऱ्हायनसचं पिल्लू. फार तर काही आठवड्यांचं.